बंद बटनाचा उजेड

आमच्या घरात भूत मानत नाहीत. त्यामुळे घाबरायची वेळ आली तेव्हा माझी फार पंचाईत झाली. बाकीच्या घरांत घाबरलेल्या माणसाला निदान कोणाकडे तरी जाता येतं. आमच्याकडे नुसतं 'भेव वाटलं' म्हटलं तरी बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देत.

बाबा हिवाळ्यात गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आहे. मे महिन्यात नागपूरची घरं दुपारी कशी असतात हे नागपूरकराला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. ऊन चढायच्या आत खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कूलर सुरू करायचा आणि ऊन उतरेपर्यंत घराचं तळघर करून आत पडून राहायचं. नंदनवनच्या मागच्या अंगाला आमचं बैठं घर. त्या रविवारी आई आतल्या खोलीत झोपली होती. मी पाणी प्यायला उठले आणि समोरच्या खोलीतून जाताना सहज भिंतीकडे पाहिलं. तिथल्या बुद्धमूर्तीच्या वरचा बल्ब जळत होता.

जळत होता म्हणणं जरा जास्त झालं. पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब पडावेत तसा पांढुरका, अगदी मंद उजेड त्याच्या पोटात होता. भिंतीवर पडत नव्हता, मूर्तीवर पडत नव्हता, नुसता बल्बातच होता. बटन पाहिलं, बंद होतं. मी ते दाबलं, खोली लख्ख झाली. परत बंद केलं, सगळं काळं झालं आणि मी सुटकेचा श्वास घेतला. मग डोळे अंधाराला सरावले तसा तो उजेड सावकाश परत आला.

माझे पाय गार पडले. मे महिन्यात, नागपुरात. मी पाणी न पिताच परत जाऊन आईच्या शेजारी पडले आणि डोक्यावरून चादर ओढून घेतली. चाळिशी ओलांडलेली, सरकारी ऑफिसात टेबल सांभाळणारी, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सुनावणारी बाई मी. कूलरच्या घरघरीत मला माझी छाती ऐकू येत होती.

भीतीचं कारण असं, की तो बल्ब बाबांचा होता. घरातले बाकीचे दिवे कोणीही लावावेत, पण मूर्तीवरचा दिवा संध्याकाळी बाबाच लावत. हातपाय धुऊन, टोपी काढून. मग वंदना. ते तापानं फणफणलेले असतानासुद्धा भिंत धरत आले होते आणि बटन दाबून परत जाऊन पडले होते. आम्ही लहान असताना त्या बटनाला हात लावला तर ओरडत नसत, पण चेहरा असा करत की परत हिंमत होत नसे.

भुताखेतांवर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मी रोज अंधाराचा मसणाजवळून येतो, मले काहून नाही भेटत गा भूत? त्याले का माह्याशीच दुश्मनी हाय?" असं म्हणून ते हसत आणि समोरचा गप्प बसे. त्या माणसाचा दिवा आता बंद बटनावर जळत होता आणि मला हसायला येत नव्हतं.

तो बल्ब नवा होता, हेही सांगायला हवं. सरकारनं पिवळे बल्ब हद्दपार करायचं मनावर घेतलं होतं. आमच्या ऑफिसात तर हुकूमच निघाला, जुने दिवे काढा, एलईडी लावा. घरांसाठी सक्ती नव्हती, योजना होती. विजेचं बिल दाखवायचं आणि रांगेत उभं राहून बल्ब घेऊन यायचं. पण आईच्या लेखी सरकारी शिक्का असलेली कुठलीही गोष्ट सक्तीचीच. शेजारणीनं तिला काय सांगितलं देव जाणे (देव मानत नाही, तरी तोंडात येतो), ती रोज मला विचारायची.

"जुना राहू देल्ला त पकडतीन का वं?"

"कोण पकडणार आई? घरात येऊन बल्ब पाहणार आहेत का?"

"तू ऑफिसात हाय म्हून बोलते. आपल्याले कोणाचं बोलणं नाही खाचं. आन ते बल्ब."

आणले. स्टुलावर चढून मीच सगळीकडे लावले. फक्त न्हाणीतला पिवळा तसाच ठेवला, कारण वाफेनं नवा खराब होईल असं आईचं मत पडलं. मूर्तीवरचा पिवळा काढताना मात्र ती खाली उभी राहून पाहत होती. मी तो तिच्या हातात दिला तर तिनं पदरात गुंडाळून कपाटात नेऊन ठेवला. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती. पुण्यानुमोदनाच्या (आमच्याकडे तेरावं नसतं, हे असतं) दिवशी आलेल्या बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि ही त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. मला ते तेव्हा धीराचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आल्यावर एक प्रयोग केला. बल्बच खराब असेल तर? मग खापर सरकारी मालावर, सुटले मी. म्हणून मूर्तीवरचा बल्ब स्वयंपाकघरात लावला आणि स्वयंपाकघरातला मूर्तीवर. स्वयंपाकघराचं बटन बंद केलं, ठार अंधार. मग समोरच्या खोलीत येऊन दार लावलं, पडदा ओढला. स्वयंपाकघरातून आणलेला तो शहाणा बल्ब तिथं भिंतीवर मंद उजळून बसला होता.

म्हणजे बल्बात काही नव्हतं, जागेत होतं. त्या एका जागेत. मला अगदी स्पष्ट आठवतं, मी भिंतीला पाठ लावून, बल्बावरची नजर न काढता, बाजूबाजूनं सरकत दारापर्यंत गेले. आईला काही बोलले नाही. तिला कसं सांगणार? ती एकतर हसली असती, नाहीतर घाबरली असती आणि दुसऱ्याची मला जास्त भीती होती.

पण तिला आधीच माहीत होतं. तेही मला अवचितच कळलं. त्या आठवड्यात उन्हामुळे आम्हाला दुपारी लवकर सोडलं. घरी आले, दार नुसतं लोटलेलं होतं. आत बोलण्याचा आवाज. मला वाटलं शेजारीण आली असेल. अंधारात डोळे स्थिरावले तेव्हा दिसलं, आई मूर्तीसमोर चटईवर एकटीच पाय लांब करून बसली होती आणि वर पाहून बोलत होती.

"पोरगी सकाळी डबा टाकून गेली, तुमाले सांगते. हाताले चव नाही म्हन्ते आता माह्या. तुमी कदी म्हन्ले नाही असं. अन् पाण्याचा नळ दोन दिवस झाले, धार नाही त्याले..."

आधीचं ते भुताचं भय काहीच नव्हतं या भयापुढे. माझी आई, जिनं अंगात येणाऱ्या बाईला आमच्या गल्लीतून हाकललं होतं, ती बल्बाशी बोलत होती. हिचं डोकं फिरलं, असं माझ्या मनात आलं. एक माणूस हिवाळ्यात गेलं, दुसरं माझ्या डोळ्यांदेखत चाललंय. आणि भीती वाटल्यावर मी नेहमी करते तेच केलं, खेकसले.

"कोणाशी बोलून राहिली तू?"

ती दचकली नाही. "बापाशी तुह्या."

"आई! आपण भूत मानत नाही नं?"

"भूत कोण म्हन्ते वं?" आता ती चिडली. "भूत दुसऱ्याचं असते. मी त ह्याइच्याशी बोलून राहिली. पिवळा दिवा होता तवा नाही दिसले कदी. हा नवा लागला अन् दिसाले लागले. कायले भेते तू? बापाले भेते का कोणी?"

मी कपडे बदलायच्या निमित्तानं आत गेले आणि पलंगावर बसून राहिले. संध्याकाळी गच्चीवर जाऊन पुण्याला भावाला फोन लावला. तो धाकटा, कारखान्यात नोकरीला. मी सगळं सांगितलं, उजेड, बल्बांची अदलाबदल, आईचं बोलणं. तो खो खो हसायला लागला. मी फोन आपटणार होते.

"ताई, अगं काही नाही ते. बटन उलट्या तारेवर बसवलं असन बाबांनी. करंट आधी बल्बात येते अन् बटन वापसीच्या रस्त्यावर आहे. बंद केलं तरी थोडं थोडं झिरपते, एलईडीले तेवढं पुरते. पिवळ्याले नाही पुरत, म्हून कदी दिसलं नाही. राहू दे, बिल नाही येत त्याचं."

मग मलाही हसू आलं. कारण बाबांनी घराची वायरिंग कशी केली होती ते आम्हा दोघांना पाठ होतं. घर पक्कं झालं तेव्हा मिस्त्री न लावता त्यांनी स्वतःच तारा ओढल्या होत्या. दुकानदार म्हणाला, एक लाल घ्या, एक काळी घ्या, म्हणजे कुठली कोणती ते कळतं. बाबांनी निळ्या तारेचं बंडल उचललं. निळा आमचा रंग. दुकानदार म्हणाला, अहो, लाकडी पट्टीच्या आत जाणार, कोणाला दिसणार आहे? बाबा म्हणाले, "मले माहीत राहीन नं." सगळं घर निळ्या तारेनं भरलं. येणारी निळी, जाणारी निळी. त्यात एखादं बटन चुकलं नसतं तरच नवल.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी आईला भावाचं बोलणं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि दुपारी परत चटईवर जाऊन बसली. बसू दे, म्हटलं. झिरपलेल्या करंटाशी बोलून बाईच्या जिवाला बरं वाटत असेल तर माझं काय जातं? इतकी मी निर्धास्त झाले होते.

मग बुद्धपौर्णिमा आली. सकाळी पांढरी साडी नेसून मी खिरीला बसले. आमच्याकडे पौर्णिमेला मूर्ती आणि तिच्यावरचा दिवा पुसून स्वच्छ करतात. मूर्ती आई पुसायची, ओल्या फडक्यानं. दिवा बाबा पुसायचे, कोरड्या फडक्यानं, बल्ब थंड झाल्यावर, आणि त्याआधी मागच्या छपरीतला मेन खाली ओढून सगळ्या घराची लाईन घालवत. पंखा बंद, टीव्ही बंद. एका बल्बासाठी! आम्ही खूप चिडवायचो. ते लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनवर होते. म्हणायचे, "आरा मशीनवाला बटनावर भरोसा नाही ठेवत बाबू. लोकाइची बोटं बंद मशीननंच नेली हायेत."

मी खीर ढवळत होते. दूध आटायला आलं होतं, हात थांबवता येत नव्हता. बाहेरच्या खोलीत स्टूल सरकवल्याचा आवाज आला. सागाच्या फळ्यांचं जड स्टूल, बाबांनी मशीनवरच्या उरल्यासुरल्या लाकडातून केलेलं, त्याचा आवाज घरात सगळ्यांना ओळखू येतो.

"आई, काय करून राहिली?"

"दिवा पुसते वं! धुळीनं पाह्य कसा झाला."

"बटन बंद केलं का?"

"हो नं! हा तुमचा सरकारी बल्ब बरा हाय, गरमच नाही होत. काढून आतून पुसून टाकते होल्डर, ओल्या फडक्यानं."

मी 'बरं' म्हणाले. खरंच म्हणाले. आणि पळी फिरवता फिरवता भावाचं वाक्य मनात परत आलं, काही कारण नसताना, जसं एखादं गाणं येतं. करंट आधी बल्बात येते. बटन वापसीच्या रस्त्यावर.

आधी बल्बात. म्हणजे बटन बंद असलं तरी होल्डरात करंट बसलेलाच. होल्डर पितळी. फडकं ओलं.

पळी हातातून कशी सुटली आठवत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात आले. आई स्टुलावर पाठमोरी उभी होती, बल्ब काढून डाव्या हातात धरलेला, उजवा हात फडक्यासकट वर गेलेला. माझ्या तोंडातून आवाजच निघेना. मला तिच्याकडे धावायचं होतं, तिला कमरेला धरून खाली ओढायचं होतं. आणि लहानपणापासून कानावर आदळलेलं बाबांचं दुसरं वाक्य आडवं आलं. कोणी लाईनले चिकटलं त त्याले हात नोका लावू, आधी मेन पाडा.

मेन छपरीत होता. आईच्या उलट्या दिशेला. मी आईकडे पाठ फिरवून धावले. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही, ना त्याआधी, ना नंतर. कारण मागं काय होतंय ते दिसत नव्हतं. उंबरठ्याला पाय ठेचला. कूलरची घरघर चालू होती आणि ती चालू आहे तोवर लाईन चालू आहे, एवढंच डोक्यात होतं. दोन्ही हातांनी मेनचा दांडा धरून मी खाली लोंबकळले. कूलर घरघरत घरघरत बंद पडला. घर एकदम गप्प झालं.

मी लगेच आत गेले नाही. जाववलं नाही. मागून काहीच आवाज येत नव्हता. छपरीत दांडा धरून मी उभी होते आणि आई, आई म्हणत होते, बहुतेक मनातल्या मनातच.

"काहून मेन पाडला वं? खीर लागून राहिली तिकडे!"

मी जमिनीवरच बसले. मग उठून आत गेले, तिला स्टुलावरून उतरवलं आणि बखोटीला धरून गदागदा हलवलं. आई माणूस, पण मी हलवलं. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फडकं अजून तिच्या हातात होतं. मी विचारलं, लागला का? हात लागला होता का आत?

"मुंग्या आल्या थोड्या हाताले," ती म्हणाली. मग खाली पाहून, हळू, "मांगच्या पौर्णिमेलेही आल्या होत्या."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं..." तिनं हातातल्या फडक्याची घडी घातली, परत उलगडली. "मले वाटलं, ह्याइनं हात धरला."

खीर खाली लागली होती. करपल्याचा वास घरभर पसरला. मी जाऊन पातेलं खाली उतरवलं.

दुपारी वायरमन आला. सणाचा दिवस म्हणून कुरकुरत आला. टेस्टर लावल्यावर त्याची कुरकूर बंद झाली. आई वाचली ती स्टुलामुळे, असं तो म्हणाला. कोरडं सागवान होतं, म्हणून मुंग्यांवर भागलं. लोखंडी स्टूल असतं किंवा ओली फरशी असती तर... एवढंच म्हणून तो स्टुलावरून उतरला. मग त्यानं बाकीची बटनं तपासली. न्हाणीतलंही उलटंच निघालं. न्हाणीत अजून पिवळा बल्ब होता, त्यामुळे तिथं कधी काही दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं ओल्या अंगानं आम्ही त्या होल्डरखाली उभे राहत होतो. बाबांना आपली चूक माहीत होती का, म्हणून ते मेन पाडत होते का, की ती नुसतीच मशीनवरची सवय होती, हे आता कोणाला विचारणार? मी स्वतः बल्बांची अदलाबदल केली तो दिवस आठवला की अजूनही बोटं आखडतात.

वायरमन म्हणाला, सगळी निळी तार काढून लाल-काळी टाकून देतो, कायद्यानं तशीच पाहिजे. आई म्हणाली, "निळीले हात लावाचा नाही." बराच वाद झाला. शेवटी त्यानं प्रत्येक येणाऱ्या तारेच्या टोकाला लाल पट्टी गुंडाळून दिली. दोन बटनं सुलटी केली, नवे होल्डर बसवले, न्हाणीतला पिवळा काढला आणि गेला.

संध्याकाळी हातपाय धुऊन आईनं मूर्तीवरचा दिवा लावला. वंदना झाली. करपलेल्या खिरीतली वरवरची वाटीभर खीर ठेवली होती, ती उचलली. मग तिनं बटन बंद केलं आणि तिथंच वर पाहत उभी राहिली. मी शेजारी होते. डोळे अंधाराला सरावले. मूर्ती दिसायला लागली, स्टूल दिसायला लागलं. बल्ब काळाच राहिला. ती वाट पाहत होती हे मला कळत होतं.

"आता गेले," ती म्हणाली.

आणि रडायला लागली. हिवाळ्यापासूनचं सगळं एकदम, तोंडावर दोन्ही हात घेऊन, लहान मुलीसारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ गेला माहीत नाही. मग तिनं तळहातांनी तोंड पुसलं, नाक ओढलं आणि दिवा परत लावायला बटनाकडे हात नेला.

मी तो हात मधेच पकडला. मनगटापर्यंत ओला होता.

"आधी हात पुस, आई," मी म्हणाले.